माझे सात फवारे

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे, पण घाबरू नका. माझ्यातून गोळी सुटत नाही, डिंक सुटतो. मी एका व्हिडिओ गेममध्ये राहते. त्यात लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई चाळीस मजली इमारतीत शिरलेल्या लोखंडी भुंग्यांशी लढते. माझा एक फवारा बसला की भुंगा छताला चिकटतो आणि तिथेच पाय झाडत राहतो.

मला घडवणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी चार महिने घालवले. डिंकाचा ओघळ कसा उतरतो हे कळावं म्हणून त्या ऑफिसच्या भिंतीवर मध ओतून बघायच्या. तिथे मी रोज शंभरेक भुंगे चिकटवायचे. ते दिवस फार सुखाचे होते. मग बाईंनी ठरवलं, खेळ फार सोपा व्हायला नको, हिला अख्ख्या खेळात सातच फवारे द्यायचे.

"बाई, सातच?" गेम तपासणारा माणूस म्हणाला. "लोक हिला हात लावणार नाहीत. शेवटासाठी ठेवून देतील."

"इतकी मजेची वस्तू कोण ठेवून देईल?" बाई म्हणाल्या.

बाईंना गेम कळत होता, माणसं कळत नव्हती.

मी एका सुतारकाकांच्या घरी आले. या खेळात नायिका पाठमोरी दिसते आणि मी तिच्या पाठीवर लटकलेली असते. म्हणजे आठ वर्षं काका चोवीस तास नाही, पण रोज संध्याकाळी तासभर माझ्याकडेच बघत होते. कौतुक तर विचारू नका. आल्यागेल्याला सांगायचे, "ही बघा, काय बंदूक आहे!" आणि भुंगा आला की बाहेर कोण? ते साधं, ठोकळ्यासारखं पिस्तूल. कितीदा तर भुंग्यांनी घेरून नायिकेला मारलं, आणि मी भरलेली, तिच्या पाठीवर. डोकं आपटून घ्यायला मला कपाळ नाही म्हणून, नाहीतर घेतलं असतं.

काकांचा स्वभावच तसा. काकूंना खिडकीशी बसायला एक बाक हवा होता. त्यासाठी आणलेली सागवानी फळी माळ्यावर अकरा वर्षं पडून होती. "निवांत वेळ मिळाला की झकास करतो," हे उत्तर मलाही पाठ झालं होतं.

मग काकांचा उजवा अंगठा आखडू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हा हळूहळू वाकायचाच बंद होईल. मी हादरले. अंगठा गेला तर माझा खटका कोण दाबणार?

एका रविवारी काका चाळिसाव्या मजल्यावर पोहोचले. समोर लिफ्टएवढी भुंग्यांची राणी.

"अहो, आता तरी मारा तो डिंक," काकू म्हणाल्या.

"थांब गं. ही मेली की हिच्यातून दुसरी निघेल. तेव्हा लागेल."

दुसरी निघाली नाही. राणी पिस्तुलानेच मेली, खेळ संपला, पडद्यावर नावं सरकू लागली. कोपऱ्यात माझा आकडा तसाच होता. सात.

"आता कुणासाठी ठेवलेत?" काकूंनी विचारलं. काका अंगठा चोळत बसले. काकू हळूच म्हणाल्या, "माझ्या फळीचंही असंच होणार. हात चालतोय तोवर करा हो काहीतरी."

काकांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. पहिल्याच खोलीत तळहाताएवढा भुंगा, चपलेनेही मेला असता. काकांचा अंगठा वाकेना. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने खटका दाबला, आणि मी उडाले. भुंगा छताला चिकटला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी दुसरा फवारा मारला, तिसरा मारला.

"अहो, दोनचार ठेवा की!"

"कशाला?" काका म्हणाले.

सातही फवारे त्याच खोलीत संपले. आता मी रिकामी आहे आणि माझी काही तक्रार नाही. मित्रांनो, आवडती वस्तू जरूर जपा, पण तिला तिचं काम करू द्या. नुसतं कौतुक ऐकून आम्ही कंटाळतो.

पुढच्या आठवड्यात फळी माळ्यावरून उतरली. पडद्यातून मला खिडकी दिसते. बाक तयार झाला तेव्हा काका म्हणाले, "डिंक ओला आहे. आज राहू दे, उद्या बस."

काकू लगेच बसल्या.