बारा मिनिटांचे बाबा

सर्व्हरच्या खोलीत पंधरा माणसं दाटीवाटीनं उभी होती, त्यातली चौदा श्वास रोखून. पंधराव्या मोठ्या ताई. मेल विभाग त्याच सांभाळायच्या. वर्गात न बसता, चुकत-धडपडत शिकलेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला होता.

बाहेरून आणलेला सल्लागार सर्व्हरच्या पत्र्यावर तळहात टेकून, डोळे मिटून पुटपुटत होता, "पंचवीस... पाचशे सत्त्याऐंशी..." मेल ज्या दारांतून ये-जा करते त्यांचे हे नंबर. कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या धड्यात सापडतील. पण ऑफिसात तो सर्व्हरबाबा झाला होता.

"हे यंत्र नव्हे, जीव आहे. कुणाचा हात याला लाभतो, कुणाचा बाधतो."

टुंग! पाव तासापूर्वी अडकलेलं पत्र पडद्यावर अवतरलं. साहेबांनी टाळ्याच पिटल्या.

"प्रगत प्रशिक्षणाचा पहिला दिवस बाबा शिकवतील! आणि शिकणाऱ्यांच्या यादीतून धाकटीचं नाव काढा. तिचा हात लागला की मेल अडते, बाबांनी मागेच सांगितलंय."

धाकटी, ताईंच्या विभागात नुकतीच लागलेली पोर, दाराशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे लपवून. प्रशिक्षण नाही तर कायम नोकरी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, खरंच असेल का हो? नव्या पत्त्यांची पत्रं माझ्याच पाळीत अडतात."

"नव्या?"

"नव्या लोकांचं काम माझ्याकडेच ना."

ताईंनी तिथल्या तिथे सर्व्हरची सेटिंग उघडली. तो भाग बाबांचा, म्हणून त्यांनी आजवर डोकावलं नव्हतं. आता स्वतःचीच किळस आली. एक ओळ होती: अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र पहिल्यांदा परत पाठव, बारा मिनिटांनंतर पुन्हा आलं तर आत घे. ओळ घालणारे, बाबा. तारीख, त्यांच्या पहिल्या भेटीची.

ताई सगळ्यांना घेऊन परत खोलीत शिरल्या.

"बाबा, आत्ताच नवा पत्ता काढून त्यावरून पत्र टाकलंय. दोन मिनिटांत आणा."

"घाई केली की शक्ती रुसते, ताई."

"रुसू दे. तुम्ही खुर्चीत बसा, हात मांडीवर. धाकटे, तू ठेव हात."

"मी?"

"तूच. बाधतो ना तुझा?"

पोरीनं पत्र्यावर तळहात टेकला. दहा मिनिटं झाली. बारा झाली. बाबांच्या कपाळावर घाम. चौदाव्या मिनिटाला... टुंग!

"फुकटच्या जाहिराती पाठवणारे सहसा दुसऱ्यांदा दार ठोठावत नाहीत," ताई म्हणाल्या, "खरे पाठवणारे ठोठावतात, त्यांचा सर्व्हर आपणहून. म्हणून ही चाळणी. चाळणी चांगलीच आहे हो. पण ती गुपचूप लावायची, घड्याळ बघून मंत्र म्हणायचे आणि खापर पोरीच्या हातावर फोडायचं? शी!"

बाबा पिशवी शोधू लागले. साहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "मग पहिला दिवस?"

"धाकटी शिकवेल. विषय: लॉग वाचणं. प्रत्येक नकाराचं कारण सर्व्हर तिथं लिहून ठेवतो, साहेब. आपल्यालाच वाचायचा कंटाळा, म्हणून बाबांचं फावतं. यापुढे मेल अडली तर लॉग बघा. माणसाचा हात बघू नका."

धाकटीनं प्रशिक्षणाच्या फळ्यावरचं बाबांचं नाव पुसलं. फडक्यानं नाही, तळहातानं.