दुखतंय कसं, ते सांगा

"झुकिन्!"

गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली आणि शेजारी बसलेले हमादा-सान पोट धरून पुढे वाकले. मी घाईघाईने जपानीत विचारलं, "काय झालं? फार दुखतंय?"

"छे छे. शिकुशिकु. थोडंसंच."

आत्ता झुकिन् ओरडलात ना हो! झुकिन् म्हणजे एकदम उसळून आलेला ठणका. शिकुशिकु म्हणजे बारीक, रेंगाळणारं दुखणं. एवढं कळतं मला. इथे आखातात, शुऐबाच्या प्लांटवर या माणसाची दुभाषी म्हणून इतकी वर्षं डोकं पिकवून घेतलंय ते काय उगाच?

पुण्यात मी जपानीच्या सगळ्या परीक्षा दिल्या. व्याकरण घोटलं, चित्रलिपी गिरवली. पण हे असले शब्द तिथे कुणी धड शिकवले नाहीत. आणि हमादा-सान पडले पंपाचे इंजिनियर. सरळ वाक्य बोलतील तर शपथ! पंप म्हणे काराकारा करतोय, बेअरिंग गोरोगोरो करतंय. करा भाषांतर! बरं, त्या गोरोगोरोचा एकच अर्थ असावा की नाही? ढग गडगडले तरी गोरोगोरो, मांजर गुरगुरलं तरी गोरोगोरो आणि शुक्रवारी सुट्टीला घरात लोळत पडलं तरी तेच. अगदी काहीही ऐकू येत नसलं तर त्यालाही शब्द आहे, शीऽऽन. अहो, आवाजच नाही तर शब्द आणलात कुठून? आपल्याकडेही खळखळ, करकर, चुरचुर आहेच म्हणा. पण ते आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो, त्यासाठी कुणी पगार कापत नाही.

सिग्नलला गाडी थांबली तसे ते म्हणाले, "रत्ना-सान, डॉक्टरांना फक्त शिकुशिकु सांगा." रत्नमाला हे माझं पूर्ण नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

"आणि ठणका?"

"परवा पंप सुरू होतोय."

तर हे होतं! समुद्राचं पाणी आत खेचणारा तो मोठा पंप त्यांनी उन्हात उभं राहून बसवून घेतला होता. तो सुरू झाला की हमादा-सान निवृत्त होऊन गावी जाणार. नोकरीतला शेवटचा पंप.

"मी जे बोललो नाही, ते तुम्ही सांगायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "दुभाष्याचा नियम. तुम्हीच मला शिकवलात."

माझेच दात माझ्याच घशात! पुढचा स्पीडब्रेकर आला तेव्हा गाडी अगदी गोगलगायीसारखी नेली. तरी त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

सलवा भागातल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर नौमान म्हणून एक दमलेले तरुण गृहस्थ होते. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता इंग्रजीत विचारलं, "एक ते दहामध्ये दुखणं किती?"

मी जपानीत विचारलं. हमादा-सान हसले आणि स्वतःच इंग्रजीत म्हणाले, "टू."

डॉक्टर टाइप करायला लागले. गॅसची गोळी लिहून देणार, दिसतच होतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"दोन म्हणे दोन!" मी मराठीतच पुटपुटले. "मघाशी गाडीत ठणका उठला तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं होतं!"

डॉक्टरांची बोटं थांबली. "ठणका? ताई, मराठी हाव का तुम्ही? मी परभणीचा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मग ते आकडे राहू द्या. दुखायलंय कसं, ते सांगा. कळ निघायलीय, मुरडा मारायलाय, का ठणकायलंय?"

हमादा-सानना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण माझा चेहरा त्यांनी बरोबर वाचला.

"रत्ना-सान," ते हळू म्हणाले.

गेला खड्ड्यात नियम! माणूस वाचला तर पुढच्या गोष्टी.

"ठणकतंय," मी म्हटलं. "गाडी आपटली की दर वेळी. तुम्हाला खरं सांगत नाहीयेत ते."

डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, पोटाच्या उजव्या बाजूला खाली हात दाबला आणि झटकन उचलला.

"झुकिन्!"

"हे काय म्हनाले?"

"तेच हो ते. तेच!"

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तिथून थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशनला आत नेताना हमादा-साननी चष्मा काढला. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो नर्सकडे दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला इतका राग आला, इतका राग आला की बाहेर बाकावर बसून मी घळाघळा रडले.

ठरल्या दिवशी पंप सुरू झाला. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि एसीत निघून गेले. मी पंपापाशीच उभी राहिले. हमादा-सानचं पांढरं हेल्मेट शेडमधल्या खुंटीवर होतं, ते मी आधीच पुसून ठेवलं होतं. पंपापाशी तेल-वायू काही नाही, नुसतं समुद्राचं पाणी, म्हणून फोन जवळ ठेवायला परवानगी असते. तो वाजला.

नमस्कार नाही, चमत्कार नाही. हॉस्पिटलातून थकलेला आवाज म्हणाला, "काराकारा?"

"नाही."

"गोरोगोरो?"

"नाही हो."

"जारीजारी? वाळू अडकल्यासारखं?"

"अजिबात नाही."

"मग कसा?"

सगळ्या परीक्षा पास झालेली मी, पण ऐन वेळी एक शब्द सुचेल तर! "सूऽऽऽ," मी म्हटलं. आवाजाच्या बाबतीत मी काहीही म्हटलं की ते हसायचे आणि दुरुस्त करायचे. आज हसले नाहीत.

"ऐकवा," ते म्हणाले.

मी फोन पंपासमोर धरला. मिनिट झालं, दोन झाली. मला वाटलं, कट झाला असेल. बघितलं तर कॉल चालूच होता. वर ऊन मी म्हणत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. किती ऐकायचं ते माणसाने, काही सुमार? खांद्यापासून हात ठणकायला लागला. मी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला आणि फोन तसाच धरून ठेवला.