हेपिसिपाआत्यांचा फर्स्ट गिअर

माझ्या गॅरेजात आलेली गाडी दुरुस्त न होता परत गेली, असं एकवीस वर्षांत एकाच गाडीच्या बाबतीत झालं, आणि तेही एका आठवड्यात तीनदा. आमच्या बेटावर नेइआफूच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, या मनासेनं हात लावलेली गाडी परत येत नाही म्हणून सांगतील. त्यामुळे माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू?

गाडी पाउलिआसीची. तो मागच्या वर्षी गेला. जायच्या आधी त्यानं बहिणीला बोलावून एवढंच मागितलं होतं, की माझ्या पोरीच्या, मेलेनाइतेच्या लग्नात तिला चर्चला तू ने, माझ्याच गाडीतून. बहीण म्हणजे हेपिसिपाआत्या. वय त्रेसष्ट, आणि तोवर सायकलसुद्धा चालवलेली नाही. पण शब्द दिला म्हणजे दिला. चार महिने जावयाच्या टेंपोवर शिकल्या, दोन कुंपणं पाडली, लायसन मिळवलं. आमच्याकडे भावाच्या घरात आत्या बोलली की विषय संपला, त्यामुळे नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. नवऱ्यामुलाकडच्यांनी मात्र हळूच एक मोठी, आपोआप गिअर बदलणारी गाडी फिती लावून तयार ठेवली होती. शनिवारी सकाळी दहाला लग्न. पाउलिआसीची गाडी अडली तर पोरगी त्या गाडीत बसणार आणि आत्यांचा शब्द जाणार.

सोमवारी त्या आल्या तेव्हा फाटकापासूनच खर्र खर्र ऐकू आलं. फर्स्ट पडेना, रिव्हर्सला तर करकर दात खाल्ल्यासारखा आवाज. त्या उतरल्या, गाडीतलं आपलं बोचकं काढलं आणि नीरफणसाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. मी बसलो, चालू केली, तर फर्स्ट लोण्यासारखा पडला. रिव्हर्सही. हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरात क्लच सोडून पाहिला, इंजिन लगेच बंद पडलं. म्हणजे क्लचची प्लेट घसरत नव्हती. मी म्हटलं, काही झालेलं नाही, घेऊन जा. त्या बोचकं घेऊन बसल्या आणि फाटकातच पुन्हा खर्र.

इंजिन बंद असताना गिअर गुपचूप पडतो आणि चालू असताना करकरतो, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. हे मी झोपेतही सांगेन. पण माझ्या पायाखाली सुटतो आणि त्यांच्या पायाखाली नाही, हे कुठलं शास्त्र? मंगळवारी क्लचचं तेल बदललं, नळीतली हवा काढली, तरी आत्या निघाल्या की फाटकात खर्र. बुधवारी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट चांगली होती तरी हट्टानं नवी घातली. गुरुवारी आत्या गाडी घेऊन गेल्या आणि खर्र करत परत आल्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आत्या, राग मानू नका, पण तुम्ही क्लच पूर्ण दाबत नाही."

"तळाला टेकेपर्यंत दाबते," आत्या म्हणाल्या. "माझ्या पायात किती जोर आहे ते तुझ्या सासऱ्याला विचार. एकदा नाचात त्याच्या अंगठ्यावर पडला होता."

झाडाखाली गप्पा मारत बसलेले सगळे हसले. मी कसला हसतोय!

शनिवारी सकाळी आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला समारंभाची चटई गुंडाळून, बूट चकचकीत करून मी त्यांच्या दारात हजर. वाटेत काही झालं तर असावं बरोबर. मेलेनाइते मागे बसली होती, झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या वस्त्रात, अंगाला लावलेल्या तेलानं चमकणारी. इतकी गोड दिसत होती की मलाच भरून आलं. मी पुढचं दार उघडलं तर आत्या म्हणाल्या, "बूट बाहेर."

बूट ओसरीवर ठेवून आत पाय टाकला, तर पाय मऊ कशात तरी रुतला. खाली पाहिलं. केवड्याच्या पातीची बारीक विणीची चटई, घडीवर घडी घालून पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलेली. पेडलांखाली चांगली तीन बोटं जाड. आत्यांनी क्लच दाबला, पेडल चटईला टेकलं आणि खर्र.

बोचकं! माझे तेलकट बूट लागू नयेत म्हणून ही बाई दरवेळी चटई काढून घ्यायची, आणि मी गिअरबॉक्स उतरवत बसलो होतो. हसू अगदी ओठांवर आलं होतं. पण आधी विचारलं, की आत्या, ही पुढे कशाला?

"ही त्याची जागा," त्या म्हणाल्या. "तो होता तोवर त्याच्या खाटेच्या कडेलासुद्धा टेकले नाही मी. आता त्याच्या जागेवर नुसता पाय कसा ठेवू?"

माझं हसू तिथंच विरलं. आमच्यात बहीण-भाऊ एकमेकांच्या अंथरुणाला, बसायच्या जागेला शिवत नाहीत; मीही बहिणींचा भाऊ आहे, हा मान मला कुणी शिकवायला नको. काढा म्हणायचं धाडस होईना. मी एवढंच सांगितलं, की पेडलला अजून तीन बोटं खाली जायचंय आणि तिथं चटई आहे. आत्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. लांबून चर्चची घंटा सुरू झाली.

मागून मेलेनाइते म्हणाली, "आत्या, ती मला द्या. बाबांच्या जागेची चटई माझ्या पायाखाली राहू दे."

आत्या उतरल्या. चटई ओढून काढली, झटकली, आणि भाचीच्या पायांखाली स्वतः वाकून पसरली. मग परत बसून खाली पाहिलं. क्लचपाशी तळाच्या रबरात एक खळगा पडला होता, पाउलिआसीच्या टाचेनं झिजून झिजून. आत्यांनी आपली अनवाणी टाच हळूच त्यात ठेवली आणि क्लच दाबला.

फर्स्ट पडला. आवाजच नाही.

आधी मेलेनाइते हसली, मग मी, मग आत्या डोळे पुसत हसायला लागल्या आणि तशाच निघाल्या. चढावर सेकंड, वळणावर पुन्हा फर्स्ट, एकदाही करकर नाही. ती फितीवाली गाडी मुकाट्यानं आमच्या मागून येत होती. मला इतका आनंद झाला होता की काच खाली करून मी वाटेतल्या डुकरांनासुद्धा हात केला.

चर्चच्या दारात उतरताना आत्या माझ्याकडे वळल्या. "चार दिवस गाडीशी झटलास, मनासे. सोमवारीच बूट काढले असतेस तर?"

मी खाली पाहिलं. बूट त्यांच्या ओसरीवरच राहिले होते. सगळी प्रार्थना मी अनवाणीच उभा राहून गायलो.