पाहुणीचं कडवं

ते गाणं घरात पहिल्यांदा कोणी आणलं यावरून पुढे बरीच तू तू मैं मैं झाली, पण त्या रविवारी तरी ते नणंदेच्या मोबाइलमधूनच आलं. नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणायचे. आवाज बारीक आणि चिवचिव अखंड. जेवणं उरकली होती, ताटं टेबलावरच वाळत होती, आणि चिमणीने मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून गाणं लावलं.

त्या दिवसांत ते गाणं कुठे नव्हतं? केस कापायच्या दुकानात, बसमध्ये, खालच्या मजल्यावरच्या खिडकीत. कोवळ्या, चढ्या आवाजाचा एक पोरगा गायचा, आणि मधल्या कडव्यापुरती एक वयस्क गायिका पाहुणी म्हणून यायची. तिचा आवाज जाड, खर्जातला. चार ओळी म्हणायची आणि निघून जायची.

"पोरगा काय गातो ना," चिमणी म्हणाली.

"पोरगा ठीक आहे," तिचा भाऊ म्हणाला. "गाणं चालतं ठेक्यावर. ठेका काढून घे, मग बघू कोण ऐकतं ते."

"आणि ती बाई उगाच घुसवलीय. आधी हा एकटाच गायला होता, तेच गाणं. मग मोठं नाव चिकटवून परत काढलं. छान रंगलेल्या गप्पांत कुणाची तरी मावशी येऊन बसावी, तसं वाटतं."

सासरे इतका वेळ नातीला मांडीवर घेऊन गप्प होते. आता ते म्हणाले, "गाणं सुरूच होतं ती आल्यावर. त्याच्या आधी नुसतं धाडधाड. तो पोरगा गातोच कुठे?"

सगळे खो खो हसले. "घ्या," नवरा म्हणाला, "बाबांनी पोराचा निकालच लावला."

"तिसऱ्या ओळीत ती कशी रेंगाळते बघा," सासरे म्हणाले. "ठेका पुढे जातो, ही मागे राहते, आणि बरोबर वेळेवर येऊन गाठते. याला म्हणतात गाणं."

हसणारी सून मध्येच थांबली. हेच सासरे रेडिओवर हे गाणं लागलं की 'बंद करा तो गोंगाट' म्हणायचे. मग तिसरी ओळ यांना इतकी पाठ कशी?

तेवढ्यात तिचं लक्ष लेकीकडे गेलं. सात महिन्यांची बबडी सकाळपासून दातांपायी किरकिरत होती. ती एकदम गप्प झाली. पाहुणी अजून आली नव्हती, पोराची ओळ संपत होती, आणि बबडीने मान वळवून मोबाइलकडे डोळे लावले. ओळखीचं माणूस जिना चढतंय हे कळल्यावर दाराकडे बघावं, तशी. मग पाहुणी आली आणि बबडी बोळकं उघडून हसली.

म्हणजे हे गाणं बबडीने रोज ऐकलेलं होतं.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बाळंतपणानंतर मालकाने जागा राखून ठेवली होती, ती अजून किती ठेवणार याची खात्री नव्हती. बबडीला दिवसभर सासरे सांभाळणार, असं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली होती. "बाबा, काहीही करा, पण तिच्यासमोर मोबाइल नको." सासरे म्हणाले होते, "नाही म्हणजे नाही." तो शब्द मोडला जात असेल, तर उद्या दुसरं काय काय लपवलं जाईल? मग नोकरी गेली खड्ड्यात, असं तिने भांडी घासता घासता ठरवून टाकलं. पण आधी खात्री हवी.

एकदा संशयाने घर केलं की सगळीकडे तेच दिसतं. सकाळी पूर्ण चार्ज केलेला सासऱ्यांचा मोबाइल संध्याकाळी धापा टाकत असायचा. दुपारी ती फोन करायची तर उचलत नसत. "हात अडकले होते," असं नंतर सांगायचे. बबडीला खाली ठेवलं की ती आकाशपाताळ एक करायची. दिवसभर मांडी सुटत नसणार, हे उघड होतं. सुनेने एकदोनदा बोलूनही दाखवलं, "बाबा, लाडावून ठेवलीत तुम्ही." त्यावर ते नुसते हसले. आणि दुपारचं ताट तसंच झाकलेलं सापडायचं. भूक नव्हती म्हणायचे, आणि संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच तेच ताट घेऊन बसायचे. नातीला मोबाइल दाखवण्यात माणूस इतका रमतो की जेवायचंही विसरतो?

बुधवारी तिने जेवणाच्या सुट्टीत घर गाठलं. बेल वाजवली. कोणी आलं नाही. परत वाजवली. शेवटी आपल्या किल्लीने दार उघडलं, आणि आतून तेच गाणं कानावर आलं. म्हणजे रंगेहाथ.

सासरे दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. बबडी त्यांच्या छातीशी, पाठीवर त्यांचा हात, आणि हाताचं बोट ठेका धरत होतं. मोबाइल मात्र टेबलावर पालथा पडला होता.

"बाबा," ती म्हणाली.

बोट चालूच राहिलं.

"बाबा, मी आलेय."

असं ऐकून न ऐकल्यासारखं करणं तिच्या डोक्यात गेलं. मग बबडीने खांद्यावरून आईला पाहिलं, हातपाय झाडले, आणि सासरे दचकून वळले. "अगं, तू कधी आलीस?" मोबाइल त्यांनी घाईने बंद केला. "पडदा पालथा ठेवलाय बघ. चित्र दिसू देत नाही मी तिला."

"पण तुम्हाला तर हे गाणं आवडत नाही."

"तिला आवडतं," ते म्हणाले. बोलताना ते तिच्या डोळ्यांत बघत नव्हते, जरा खाली बघत होते. खोटं बोलणारा माणूस असाच बघतो, असं तिला वाटलं.

दुकानात परतली तेव्हा एक आजोबा नंबर तपासायला बसले होते. सोबत चिडलेली मुलगी. सुनेने अक्षरांच्या तक्त्यावर काठी ठेवायच्या आत आजोबांनी चौथी ओळ घडाघडा म्हणून टाकली, वर पाचवीही. अशा गिऱ्हाइकांसाठी दुकानात एक रिवाज होता. तक्त्यामागे दुसरा तक्ता असायचा. तिने पहिला उलटला. आजोबा नव्या तक्त्यावर तीच जुनी ओळ वाचून मोकळे झाले, अगदी आत्मविश्वासाने. मुलीने कपाळावर हात मारला.

सून हातात काठी धरून तशीच उभी राहिली. बाबांना बेल वाजली ती ऐकू आली नाही. फोनही ऐकू येत नाही. बोलताना नजर समोरच्याच्या ओठांवर असते. चिमणीला ते नेहमी म्हणतात, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. आणि तो पोरगा गातोच कुठे. तो टोमणा नव्हताच, पोरगा त्यांना ऐकूच येत नव्हता. सासऱ्यांचा उभा जन्म छापखान्यात गेला होता, जिथे शेजारच्या माणसालाही खुणेने बोलवावं लागायचं.

आणि मग दुसरा विचार आला, तो थंडगार होता. बबडीचं रडणंही त्या पोरासारखंच होतं. बारीक आणि चढं.

तिने चिमणीला निरोप धाडला. तो पोरगा एकटाच गातो ते पहिलं गाणं पाठव. कशाला, असं चिमणीने विचारलं नाही. उलट खूश झाली, की वहिनी आपल्या बाजूला आली.

संध्याकाळी नवरा यायचा होता. सासरे ताट संपवून बबडीला घेऊन बसले होते. सून मागे, ओट्यापाशी. "बाबा, तुमचं गाणं लावू?" असं तिने मोठ्याने विचारलं, मोबाइल टेबलावर ठेवला आणि गाणं सुरू केलं. टेबल थरथरलं, ठेका पोचला, सासऱ्यांचं बोट हलायला लागलं. पोरगा पहिलं कडवं गायला. मग दुसरं आलं.

"आता बघ," सासरे बबडीला म्हणाले. "आली."

कोणी आलं नव्हतं. पोरगाच गात होता, चढ्या आवाजात, तेच शब्द. बबडीने मोबाइलकडे पाहिलं. मग दाराकडे. मग आजोबांच्या तोंडाकडे, आणि परत मोबाइलकडे. पाहुणी कुठे राहिली, हे तिला कळेना.

"ही तिसरी ओळ," सासरे डोळे मिटून म्हणाले. "बघ कशी रेंगाळतेय."

चोर पकडल्यावर जे वाटतं, त्यातलं सुनेला काहीच वाटलं नाही. तिने गाणं बंद केलं, खुर्ची ओढली आणि त्यांना आपलं तोंड नीट दिसेल अशी समोर बसली.

"बाबा, आज बाई आलीच नाही. पोरगा एकटाच गात होता."

सासऱ्यांचं बोट बबडीच्या पाठीवर थांबलं.

"पण मला आली," ते म्हणाले.

"नाही आली, बाबा."

"मी रोज लावून बघतो. बाकीचं कधीच गेलं होतं, ती तेवढी येत होती. म्हटलं, ती येतेय तोवर चालतंय. ज्या दिवशी तीही येणार नाही, त्या दिवशी तुम्हाला सांगायचं." मग त्यांचा स्वर खाली गेला. "म्हणजे एवढे दिवस ती येत होती, की मीच..."

"आणि बबडी रडली की?"

"म्हणून तर खाली ठेवत नाही." त्यांनी छातीवर तळवा ठेवला. "रडली की इथे हलतं. लगेच कळतं."

"आणि झोपली की?"

"पाळण्यात हात ठेवून बसतो."

"आणि जेवता कधी?"

सासऱ्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. लाडावून ठेवलीत असं आपण म्हणालो होतो, ते तिला आठवलं, आणि तिने उगाचच बबडीच्या अंगड्याचं बटण काढून परत लावलं.

"तू नोकरी सोडशील आता," सासरे म्हणाले.

"ते बघू. उद्या आधी कान दाखवू."

कानाचं यंत्र येईपर्यंत दिवसा चिमणीने थांबायचं, असं नवरा आल्यावर ठरलं. चिमणी तयार होती, फक्त दिवसभर कोणाची गाणी लागणार, हे तिने आधीच बजावलं. कान दाखवायला सुनेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सासऱ्यांवर विश्वास ठेवावा असं वाटत होतं, पण इतक्यात तिचं मन धजत नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडे जिन्यातच सासऱ्यांनी विचारलं, "गाणं लावतात का तिथे?"

"नाही. नुसते बारीक आवाज. ऐकू आला की बटण दाबायचं."

"म्हणजे पाठ करता येत नाही."

"नाही येत."

"मग पंचाईत आहे."

काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर मोठे काळे हेडफोन लावले, हातात बटण दिलं. बाहेर सून बबडीला कडेवर घेऊन उभी राहिली. सासरे बटण दाबायला लागले. एकदा, दोनदा, परत. तपासणाऱ्या बाईने भुवई उंचावली. सुनेने सासऱ्यांचा अंगठा निरखून पाहिला. जरा वेळ पाहिला आणि ओळखलं. तो ठेक्यात दाबत होता. त्या गाण्याचाच ठेका.

तिने काचेवर टकटक केली. आवाज आत पोचला नसणार, पण सासऱ्यांनी वर पाहिलं. तिने मान हलवली. नाही, बाबा.

शाळेत पकडल्यासारखे ते ओशाळे हसले. अंगठा बटणावरून जरा उचलून धरला आणि डोळे मिटले. बबडी काचेला दोन्ही पंजे लावून आजोबांकडे बघत राहिली. बाहेर बाई एकेक आवाज सोडत होती, आत तो अंगठा तसाच अधांतरी होता, आणि सून त्याच्यावरून नजर न हटवता वाट बघत होती.