बिनमिठाची भाकरी

सवत बायकांना असते. पण एल्विन प्रिचर्डला पन्नाशी उलटल्यावर सवतींचा अख्खा गोतावळा मिळाला होता, आणि त्यातलं एकही माणूस डोळ्यांना दिसत नव्हतं.

लेक लग्न होऊन कार्डिफला गेली, तेव्हापासून त्याच्या बायकोनं, नेरिसनं, आज्या-पणज्यांची जुनी वाट धरली होती. चर्च सुटलं आणि मागच्या बागेत हॉथॉर्नच्या काटेरी झाडाखालचा एक कोपरा पऱ्यांचा झाला. तिथे गवत कापायचं नाही, फूल तोडायचं नाही. पऱ्या हा शब्दही काढायचा नाही. 'ती मंडळी' म्हणायचं, तेसुद्धा सासरच्या माणसांचं नाव घ्यावं तसं हळू. रोज दिवस मावळताना त्यांच्यापुढे वाटीभर साय आणि तव्यावरची पहिली ओटची भाकरी लोणी लावून ठेवायची. भाकरी बिनमिठाची, कारण मीठ त्यांना खपत नाही. आणि लोखंड तर मुळीच नाही.

आता एल्विन पडला नालबंद. अडतीस वर्षं घोड्यांना नाल ठोकून त्याचं घर चाललेलं. बागेच्या फाटकाशी त्याला खिशातले खिळे, हातोडी, बूट सगळं काढून ठेवावं लागे. पट्ट्याचं बक्कलही लोखंडाचं, म्हणून पट्टासुद्धा. स्वतःच्या बागेत हा माणूस विजार हातानं धरून फिरायचा.

तेही त्यानं सोसलं असतं. पहिली भाकरी त्यांना आणि कडेनं करपलेली तिसरी आपल्याला, हेही सोसलं असतं. पण नेरिस तिथे बसून त्यांच्याशी बोलायची तो आवाज! स्वयंपाकघराच्या खिडकीतून शब्द कळत नसत, फक्त सूर यायचा, मऊ, मध्येच हसणारा. घोड्यांच्या जत्रेत पहिल्यांदा भेटली तेव्हा ती त्याच्याशी याच सुरात बोलली होती. हल्ली त्याच्या वाट्याला "बूट काढ" आणि "चहा निवतोय" एवढंच यायचं.

"काय बोलतेस गं त्यांच्याशी एवढं?" एकदा त्यानं विचारलंच.

"दिवसभराचं सांगते."

"मग मला सांग की."

"तुला? तू 'हं' म्हणतोस. तुझी घोडी तुझ्यापेक्षा बरं उत्तर देते."

"आणि ते काय उत्तर देतात?"

"काही नाही. पण ऐकतात."

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, जुन्या वाटेच्या सणाला, तिची मैत्रीण माब्ली आली. रिकामी वाटी बघून ती म्हणाली, "नेरिस, जीव आहे गं तुझ्यावर त्यांचा!" आणि नेरिस चक्क लाजली. ती लाली बघून एल्विनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा त्यानं नालाचे सात खिळे झाडाच्या बुंध्याशी मातीत दाबले आणि वर पालापाचोळा सारला. मग शिटी वाजवत कामाला गेला.

सकाळी वाटी भरलेलीच होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सायीवर माशा बसल्या. ते सगळं कोल्हा खातो, असं एल्विन बारा वर्षं म्हणत आला होता. पण कोल्ह्याला खिळ्यांचं काय वावडं?

त्याला वाटलं होतं, तिकडचं बोलणं आटलं की ते आपोआप आपल्याकडे वळेल. ते कुठेच वळलं नाही. नेरिस दोन मिनिटांत घरात यायची आणि गप्प बसायची.

"रुसली आहेत माझ्यावर," एका संध्याकाळी ती म्हणाली. "माझं काय चुकलं रे?"

"हं," एल्विन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शेताच्या बाजूनं येऊन झाडामागे दडला. वाटी आपणच रिकामी करायची, एवढाच त्याचा बेत होता. नेरिस आली, वाटी ठेवून बसली. हळूच म्हणाली, "आहात का कुणी? आज पुन्हा खांदा धरून बसला होता. त्या तांबड्या शिंगरानं लाथ मारली असणार. मेला सांगायचा नाही. त्याला काही झालं तर मी या घरात कुणासाठी भाकरी थापू?"

ती गेल्यावर एल्विननं साय संपवली आणि भाकरी खाल्ली. ओला भुसा परवडला. पण सगळी संपवली.

सकाळी नेरिस गात होती. मग हे रोजचंच झालं. ती बोलायची, तो काट्यांमागे बसून ऐकायचा, आणि एकदाही 'हं' म्हणायचा नाही. पण मत्सर काही त्याला सोडेना. बोलणं होतं त्याच्याबद्दल, आणि सांगणं होतं त्यांना. त्यांच्या नावावर तो उष्टं खात होता.

जूनमधल्या एका संध्याकाळी त्यानं घास घेतला आणि तो थांबला. भाकरीत मीठ होतं. डॉक्टरनं बंद करण्याआधी तो खायचा तेवढं, अगदी त्याच्या आवडीचं. तिनं स्वतःच्या हातानं घातलेलं. म्हणजे त्या मंडळींना तिनंच दार लावलं होतं. तो जिंकला होता. घास मात्र तोंडातच राहिला.

"खांदा कसा आहे?" झाडापलीकडून आवाज आला. ती आज गेलीच नव्हती.

'हं' ओठांवर आलं. ते त्यानं घासाबरोबर गिळलं.

"दुखतोय," तो म्हणाला. "फार दुखतोय. पण मी इथे आहे हे तुला कसं कळलं?"

"मचमच करतोस खाताना, पार फाटकापर्यंत ऐकू येतं. चाळीस वर्षं ऐकतेय."

"नेरिस, खिळे मी पुरलेत."

"अरे, दुसरं कोण पुरणार? किती?"

"सात."

ती झाडाला वळसा घालून त्याच्याकडे आली. मग म्हणाली, "काढ ते. उद्यापासून पुन्हा बिनमिठाची करीन. येतील की नाही, कोण जाणे."

तिचा आवाज भरून आला होता, आणि तो त्यांच्यासाठी, हे एल्विनला कळलं. आज पहिल्यांदा त्याचा त्याला राग आला नाही. पट्टा काढून तो झाडाखाली गुडघे टेकून बसला आणि बोटांनी माती उकरू लागला. नेरिसही शेजारी बसली. एकेक खिळा ती रुमालात ठेवत गेली.

काळोख होईपर्यंत दोघांनी सगळा बुंधा उकरला. खिळे सहाच सापडले.