दांड्यावरचं वजन

जमीन कडक लागली की खड्डेराव आपला मेव्हणा वापरत असे.

खड्डेराव हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी गिरमिट जोडून तो कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे पाडून देई, आणि वीस वर्षांत लोकांनी धंद्याला राव लावून मोकळं केलं होतं. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वजन एकशे अठरा किलो. कडक जमिनीत गिरमिटाची पाती नुसती वरवर खरवडत बसतात. अशा वेळी वरच्या आडव्या दांड्यावर एखादा भरभक्कम माणूस बसवला की ती मुकाट्याने माती धरतात. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात दांड्यावर बसलेल्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर ठळक लाल फुली होती. खड्डेरावाने ते चित्र नीट पाहिलं होतं. त्यातला माणूस अगदीच किरकोळ होता. फुली त्यासाठीच असणार, असा त्याने अर्थ लावला.

मेव्हण्याला हे काम मनापासून आवडे. घरच्या फोटोत त्याला नेहमी मागे, कडेला आणि अर्धा उभा करत. इथे मात्र त्याच्यावाचून काम अडत होतं. दांड्यावर बसताना तो चेहरा असा काही गंभीर करी, की आता निकालपत्रच वाचून दाखवील.

"त्याला जपा हं," बायको रोज सकाळी डबा हातात देताना बजावे. "नेलाय तसा परत आणायचा. त्यात काही कमी भरलं तर मी तुम्हाला घरात घेणार नाही."

त्या दिवशीची जमीन एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची होती. तीस खड्डे पाडायचे होते. बाईंनी आदल्या दिवशी पहाटेच उठून दोरी ताणली होती, चुन्याने खुणा केल्या होत्या आणि संध्याकाळी प्रत्येक खुणेवर बादलीभर पाणी ओतून ठेवलं होतं, म्हणजे जमीन मऊ पडेल. सकाळी खुणा कोरड्या ठणठणीत होत्या. कोणीतरी फडक्याने पुसून घेतल्यासारख्या. खड्डेरावाने पहार मारून पाहिली तर ठण्ण आवाज आला आणि हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"रेघ वाकडी नको," बाई म्हणाल्या. "वाकड्या रेघा मी छत्तीस वर्षं तपासल्या आहेत."

"बाई, रेघ सरळच येईल. जमीन काय म्हणते ते बघू."

जमीन काहीच म्हणाली नाही. मेव्हणा दांड्यावर चढला, दांडा कुरकुरत चार बोटं खाली गेला, आणि गिरमिट आत शिरलं. असल्या मुरमात इतक्या गोडीगुलाबीने पाती शिरलेली खड्डेरावाने कधी पाहिली नव्हती. पहिला खड्डा झाला, दुसरा झाला, दहावा झाला. मेव्हणा शीळ घालू लागला. पंधराव्याला तो स्टूल न घेताच दांड्यावर चढला.

"दाजी, आज गुडघे अजिबात बोलत नाहीत बघा."

"बोलून बोलून दमले असतील."

विसाव्या खड्ड्याला खड्डेरावाच्या लक्षात आलं, की दांडा कुरकुरत नाही. सकाळी तेल घातलं त्याचा गुण, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. एकविसाव्याला दिसलं, की दांडा खालीही जात नाही. मग मेव्हणा पाणी प्यायला गेला, तेव्हा खड्डेरावाने उपसलेल्या भुसभुशीत मातीवर उमटलेली त्याची पावलं पाहिली. तिथे कोंबडी चालून गेली असती तरी याहून खोल ठसे उमटले असते.

बाविसावा खड्डा संपता संपता वाऱ्याची एक झुळूक आली. टोपी सावरावी तसा मेव्हण्याने दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला.

खड्डेरावाने ट्रॅक्टर बंद केला. "उतर."

"अजून आठ राहिलेत."

"उतर म्हणतो ना!"

बाईंच्या पडवीत पोती मोजायचा मोठा काटा होता. मेव्हण्याला त्यावर उभा केला. बाईंनी चष्मा लावला, काटा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"सेहेचाळीस."

खड्डेरावाने मेव्हण्याकडे नीट पाहिलं. पोट जागच्या जागी, गाल जागच्या जागी, हाताची बोटंसुद्धा दहाच्या दहा. दिसायला अख्खा माणूस समोर उभा होता, आणि त्यातला निम्म्याहून अधिक बाहेर बावीस भोकांतून कुठेतरी गेला होता.

"काटा बिघडलाय का, बाई?"

"काटा बिघडलेला नाही," बाई म्हणाल्या. वर्गात पोरगं खोटं बोललं की ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात.

सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की मेव्हणा खूश होता. "दाजी, तीस वर्षं सगळे वजन कमी कर, वजन कमी कर म्हणून डोकं खातायत. आज झालं तर तुमचा चेहरा का असा? आठच खड्डे उरलेत. वीसेक किलो तर उरेन की मी!"

"आणि घरी कसा नेऊ तुला? सुतळी बांधून?"

"न्या बांधून."

तो हसत होता; पण हसताना त्याच्या टाचा फळीवरून किंचित सुटत होत्या, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नव्हतं. खड्डेरावाला सकाळचं बजावणं आठवलं. बायकोला काय सांगायचं? बघ, वरून तर आहे तसाच आहे?

खड्डेरावाला आयुष्यात एकच उपाय ठाऊक होता. कडक जमिनीने गिरमिट गच्च धरलं आणि सोडेना, की पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद गिरमिटाला देणारा जोड, सुटा करायचा, गिरमिटाला लांब पाना लावायचा आणि हाताने उलटं फिरवायचं. जमीन सोडते. आत्ता जमिनीने धरलं होतं ते वेगळं होतं. पण जमीन तीच होती.

त्याने मेव्हण्याला दमदाटी करून पुन्हा दांड्यावर बसवलं, बाविसाव्या खड्ड्यात गिरमिट सोडलं आणि पाना लावून उलटा फिरवला. पहिला वेढा पुरा झाला तेव्हा दांडा बारीकसा कुरकुरला. असला गोड आवाज खड्डेरावाने आजवर ऐकला नव्हता.

"आई गं, गुडघे," मेव्हणा म्हणाला.

"एक," बाई मोजू लागल्या. "दोन. तीन."

दर वेढ्याला दांडा केसभर खाली बसत होता. खड्डेराव घामाने निथळला, हाताला फोड आले, मेव्हणा दर वेढ्याला मागल्या जन्मीचे हिशेब काढल्यासारखा कण्हत होता. बाविसाव्या वेढ्याला दांडा बरोबर चार बोटं खाली आला.

"बावीस," बाई म्हणाल्या. "पुरे."

पण खड्डेराव वीस वर्षं खड्डे पाडत होता. उलटं फिरवताना मोजून लागतील तेवढ्यावर एक वेढा जास्तीचा द्यायचा, म्हणजे गिरमिट पुन्हा अडकत नाही, ही त्याच्या हाताची सवय. मन थांबलं, पण हात थांबला नाही.

तेविसाव्या वेढ्याला दांडा धाडकन खाली आला. ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली गेली आणि परत टेकली. मेव्हण्याचं कण्हणं बंद झालं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "माझं वजन मला पाठ आहे. हे एवढं माझं नाही."

तिघंही पडवीत गेली. मेव्हणा काट्यावर चढला तेव्हा फळी करकरली.

"एकशे एकाहत्तर," बाई म्हणाल्या. "उतरा."

मेव्हणा उतरला. काटा मागे सरकत आला आणि त्रेपन्नावर थांबला. फळी रिकामी होती. अंगणात वारा पडला होता. काटा त्रेपन्नावरच होता, जरासा थरथरत, माणूस उभ्या उभ्या श्वास घेतो तसा.

"अजून कोण आहे?" बाईंनी हजेरी घेतल्यासारखं विचारलं.

थोड्या वेळाने काटा सावकाश शून्यावर आला. फळी किंचित वर उचलली गेली, कोणी सांभाळून पाऊल खाली ठेवलं की उचलली जाते तशी.

खड्डेरावाने मेव्हण्याला पुन्हा काट्यावर उभा केला. एकशे अठरा. ना एक कमी, ना एक जास्त. त्याला रडू आलं, ते त्याने शिंकेत बसवलं.

"बाई, उरलेले आठ खड्डे..."

"नकोत. आठ खांबांची जागा मोकळी राहू दे. कोणाला यायचं-जायचं असेल तर येईल-जाईल." त्यांनी फाटकापर्यंत सोबत केली. मेव्हणा बाहेर पडला, ट्रॅक्टर बाहेर पडला, तरी त्या फाटक धरून चांगली दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच काढलंत, तुम्हीच न्या," आणि कडी घातली.

रस्ता सरळ आणि सपाट होता. मेव्हणा उजव्या मडगार्डवर बसून, झालं ते सगळं विसरल्यासारखा डबा उघडत होता. डावं मडगार्ड रिकामं होतं, तरी कोणी बसल्यासारखं कुरकुरत होतं. खड्डेरावाने तिकडे एकदाही न बघता हलक्या हाताने गिअर बदलला, आणि रस्त्यातले खडेसुद्धा चुकवत, म्हणजे बसलेल्याला धक्का लागू नये अशा बेताने, तो घराकडे निघाला.