एन्ट्रीची टाळी

व्हर्ना हॉलोवेने दार ढकललं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि प्रेक्षकांकडे तोंड करून थांबली. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नावाजलेली नटी दिसली की टाळ्या पडतात आणि त्या विरेपर्यंत नटीने थांबायचं असतं. व्हर्ना थांबली. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग तिने फडक्याने समोरचं मेणबत्तीचं स्टँड पुसायला घेतलं, जणू तेवढ्यासाठीच आली होती.

तरुणपणी याच थिएटरपुढे तिच्या नावाने रांगा लागायच्या. पुढे हॉलिवूडने तिला दोन सिनेमांत नायिका केलं आणि तिसऱ्यात नायकाची आई. त्यानंतरचं सगळं आयुष्य टीव्हीवरच्या इस्पितळात नर्स म्हणून गेलं. आता सत्तरी उलटल्यावर मोलकरणीचं काम पत्करून ती परतली, ते या एका टाळीसाठी.

दिग्दर्शक मात्र खूश होता.

"मॅडम, ते पुसणं काय खरं वाटतं हो! रोज करा."

टाळ्या पडायच्या, पण पुढच्या प्रवेशात आणि बटनला. बटन म्हणजे नाटकातला कुत्रा. तो दारात येऊन बसायचा आणि टाळ्या संपल्याशिवाय जागचा हलायचा नाही.

"हे नखरे कुणी शिकवले त्याला?" व्हर्ना तणतणली.

"तुम्हीच की, बाई," तिचे कपडे सांभाळणारी डेलफीन पाठीचे हुक लावत म्हणाली. "रोज विंगेतून तुमची एन्ट्री बघत बसतो."

"म्हणजे माझंच चोरतो, वर माझ्यापेक्षा जास्त भाव खातो!"

बुधवारी दुपारच्या खेळाला न्यू जर्सीहून बस भरभरून म्हातारी मंडळी आली होती. जेवणं अंगावर आलेली. बटन दारात येऊन बसला. कुणी हात हलवला नाही. त्याला हाक मारणारा नायक घामाघूम झाला, पण बटन हलेना. कान टवकारून तो नुसता अंधारात बघत राहिला.

व्हर्ना रंगमंचावरच होती. विंगेतून डेलफीन तिच्याकडे बघून आनंदाने डोळे मिचकावत होती.

व्हर्नाने फडकं काखेत मारलं आणि खणखणीत टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. मागच्या रांगेतून कुणीतरी साथ दिली, मग सगळं थिएटर जागं झालं. बटन उठला आणि शेपटी हलवत कामाला लागला.

"आयती जिरली असती त्याची!" विंगेत डेलफीन डाफरली. "कशाला वाजवल्यात?"

व्हर्ना टोपीची पिन काढत राहिली.

"माझ्या हातात निदान फडकं तरी असतं गं."